गुडघ्यात उतरलेली माहेरवाशीण

निजामाचं सरकारी साल फसली तेराशे अठ्ठेचाळीस, श्रावण शुद्ध षष्ठी, म्हणजे नागपंचमीचा दुसरा दिवस. जागा वालूर, राहीमायची ओसरी. हजर माणसं तीन: राहीमाय, माझी आई आणि मी. आईचा उजवा गुडघा दाखवायचा होता म्हणून मी कनवटीला चार आणे हाली, निजामी चलनातले, बांधून नेले होते. ते राहीमायने घेतले नाहीत. घेतलं ते असं: पसाभर तांदूळ, खोबऱ्याची एक वाटी, एक हळकुंड आणि एक सुपारी.

हे सगळं तिने आधी आईच्या दुखऱ्या गुडघ्यावर ठेवायला लावलं. मग स्वतःचा पदर पसरून त्यात ओढून घेतलं, गुडघ्याला हळदीचं बोट लावलं आणि म्हणाली, "ये गं बाई."

मला वाटलं, ती आईशी बोलते आहे. पण आईला ती आक्का म्हणायची, आणि तिची नजर आईच्या तोंडाकडे नव्हती, गुडघ्याकडे होती.

आईला लगेच उमजलं. मला घरी येताना रस्त्यात कळलं. सासरी निघालेल्या लेकीची ओटी भरतात, तशी तिने दुखण्याची ओटी भरली होती. आणि निघालेल्या लेकीला आपल्यात कुणी 'जा' म्हणत नाही, 'ये' म्हणतात.

राहीमाय आमच्या मागच्या गल्लीत राहायची. विधवा, साठीच्या आसपासची, उंच आणि काटकुळी. डावा गुडघा अधू होता. तो तिने कधी लपवला नाही आणि त्याबद्दल कधी तक्रारही केली नाही. चालताना डावा पाय टेकला की ती क्षणभर थांबायची, जणू मागून येणाऱ्या कुणाला गाठू देते आहे. दोन एकर रान बटईने लावलेलं, त्यातून येईल त्यावर तिचं भागत होतं. औषधपाणी हा तिचा धंदा नव्हता. पण बायामाणसं गुडघा धरून तिच्याकडे जायची.

ती आधी हात लावत नसे, आधी विचारपूस चालायची.

"कवा येती? उठताना, का चढताना?"

"जात्यावरनं उठताना."

"कुठवर बसती? गुडघ्यातच, का मांडीत शिरती?"

"कवा मांडीत."

"अन् उन्हं वर आली की हलकी होती का न्हाई?"

एवढं झाल्यावर दोन्ही गुडघ्यांवर दोन तळवे ठेवायचे आणि डोळे मिटायचे. दुखरा गुडघा गरम आणि फुगलेला लागला तर ती तेल लावू देत नसे. "राग आलाय तिला. आता बोलू नगंस, पडून ऱ्हा," म्हणायची. गार आणि आखडलेला लागला, तर तव्यावर तापवलेल्या वाळूची पुरचुंडी, करडईच्या तेलात लसूण, वरून एरंडाचं पान. हे आमच्याकडे सगळ्याच घरांत होतं, तिने काही नवं काढलं नव्हतं. ताप येऊन गुडघा फुगलेला एक माणूस आला तेव्हा तिने तळवे ठेवलेही नाहीत. "ही माझ्या वळखीची न्हाई," म्हणाली आणि त्याला परभणीच्या दवाखान्यात न्यायला सांगितलं.

तिचे नियम मात्र पक्के होते. काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरायची. दळताना पाटावर बसायचं, दुखरा पाय लांब सोडायचा, उकिडवं बसायचं नाही. रोज सकाळी उठायच्या आधी गुडघ्याखाली चिंध्यांची गुंडाळी ठेवून पाय तिच्यावर दाबायचा, ओवीची एक ओळ होईतोवर धरायचा, मग सोडायचा. घरात बसून राहायचं नाही. आणि दुखण्याला शिव्या द्यायच्या नाहीत.

"लेक आलीय आसं समजा," ती सांगायची. "चार दिवस ऱ्हाईल. तिला तिची जागा द्या. आडवू नका, हाकलू नका. आपसूक जाईल."

आईचा गुडघा बरा झाला असं मी म्हणणार नाही. तो शेवटपर्यंत दुखला. पण त्या वर्षीच्या पोळ्यापर्यंत ती स्वतः आडावर जाऊ लागली. दुखतंय म्हणून रडायची ते थांबलं. सकाळी ओसरीवर येऊन आम्हाला नुसतं सांगायची, "आलीय आज." आणि सून जात्यावर बसायची. बायकांत हा बोलण्याचा रिवाजच पडून गेला.

त्यातून एकदा गंमत झाली. दौऱ्यावर आलेला गिरदावर, म्हणजे महसुलाचा अंमलदार, पटेलाच्या घरी उतरला होता. सकाळी चहा घेताना आतून पटेलाच्या आईचा आवाज आला. "राती उशिरा आली. मांडीवर चढली. पहाटंपत्तर दाबून बसली व्हती. आता गेली, पर सांच्याला येतीच बघ."

गिरदावराने पेला खाली ठेवला. तो शहरी माणूस, हैदराबादेकडचा, मराठी अर्धवट कळणारा. पटेलाला हळूच म्हणाला, "कौन आई थी?"

"गुडघा, हुजूर."

"गुडघा आई?"

पटेलाने समजावून सांगितलं, पण ते उर्दूत नीट बसेना. गिरदावर उरलेला मुक्काम टाकून दुपारीच सेलूला गेला. पुढे कित्येक दिवस पटेलाला लोक विचारायचे, "का पटेल, आमच्या लगानाची सूट आई क्या?"

मी मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, उर्दूत शिकलो आणि अडतीवर कापूस तोलण्याचं काम करत होतो. काट्यावर येईल ते खरं, अशी माझी समजूत. त्यामुळे राहीमायच्या बोलण्याचा मी माझ्यापुरता हिशोब लावला होता. तिचा गुडघा वर्षातून तीनदा धरायचा, पंचमीला, दिवाळीला आणि संक्रांतीला. लेकी माहेरी येतात ते हेच दिवस, आणि राहीमायची लेक वारलेली होती. पण पंचमीला हवा दमट असते, दिवाळीला थंडी सुरू होते आणि संक्रांतीला ती कडक असते. माझ्या आईचा गुडघाही याच दिवसांत दुखायचा, आणि आईची लेक, म्हणजे माझी बहीण, पाथरीला धडधाकट नांदत होती. हे मी राहीमायला सांगितलंही.

ती म्हणाली, "खरं हाय बापू. थंडीपावसातच येती. तिच्यापाशी पांघराया काय हाय?"



सटवाची गोष्ट त्यानंतरची. सटवा मेंढरं राखायचा, रांगडा गडी, तोंडाने फटकळ. चालून चालून गुडघा धरला म्हणून आला होता. राहीमायने ओटी घेतली, हळद लावली आणि 'ये गं' म्हणाली तसा तो उसळला. "ये काय म्हनती म्हातारे? मी इकडं मरायलोय अन् तू तिला परत बोलवायलीस?" आणि स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारून ओरडला, "जा! तोंड दावू नगंस पुन्यांदा!"

मी तेव्हा आईला घेऊन तिथेच बसलो होतो. राहीमायचा चेहरा पाहिला आणि मला वाटलं, तिला कुणीतरी मारलं. तिने ओटीचे तांदूळ सटवाला परत दिले. तिच्याकडून कुणाला ओटी परत गेलेली मी एवढी एकदाच पाहिली.

सटवाचं दुखणं गेलं. तो गावभर सांगत फिरला. पुढे उन्हाळ्यात तो आमच्या दुकानासमोर बसला असताना माझं लक्ष त्याच्या पायाकडे गेलं. गुडघ्याखाली बाभळीचा काटा पार आत गेलेला, भोवती चिघळलेलं, माश्या बसलेल्या. मी म्हणालो, "सटवा, काटा."

त्याने खाली पाहिलं. "कुठं?" म्हणाला. बोटाने चाचपलं आणि उपटून टाकला. तोंडावरची रेघही हलली नाही. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. भ्यालेल्या माणसाची नजर मला ओळखता येते. "भाऊ," तो म्हणाला, "त्यो पाय माझा न्हाई वाटत."

त्याला आधीपासून अंगात काही रोग होता का, हे मला माहीत नाही. पाहिलं तेवढं लिहिलं.

राहीमायची लेक ठकू, दुधना नदीपलीकडे दिलेली. ती वारून तेरा-चौदा वर्षं झाली होती एवढं गावाला ठाऊक होतं. पण मला ते नुसतं ऐकून माहीत होतं. कळलं ते कासाराच्या दिवशी. संक्रांत तोंडावर होती, कासार बांगड्यांची माळ घेऊन गल्लीत बसला होता. बायका उठल्यावर राहीमायने त्याला ओसरीवर बोलावलं. विधवा बाई हिरव्या बांगड्या घेते म्हणून मी थबकलो.

"माप?" कासाराने विचारलं. तो नवीन नव्हता, दर वर्षी येणारा होता. तरी त्याने विचारलं.

"तेच."

"तेच कसं माय? पोरीसोरींचं माप वाढतं."

"तिचं वाढायचं सरलं," राहीमाय म्हणाली. "भर."

आणि तिने डावा पाय लांब केला, लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं. गुडघा कवठासारखा फुगला होता. कासाराने एक डझन बांगड्या मोजून गुडघ्याशेजारी पाटावर ठेवल्या, पैसे उचलले आणि माळ खांद्यावर टाकली. तो माझ्या अंगावरून गेला तेव्हा पुटपुटत होता. मी विचारलं, "काय झालं?"

"मागल्या वर्षीच्या बांगड्या मी इथंच दिल्या," तो म्हणाला. "आता पाटाखाली पडलेल्या बघितल्या. फुटलेल्या, भाऊ. घातल्याबिगर बांगडी तशी मधोमध फुटत न्हाई."

बांगडी पाटावरून पडूनही फुटते. हे मी त्याला म्हणालो. तो म्हणाला, "फुटती. पर चंद्रकोरीसारखे दोन तुकडे होऊन, समद्या बाराच्या बारा?"

मी घरी येऊन आईला सांगितलं, तेव्हा आईने मला ती गोष्ट सांगितली. राहीमायने ती फक्त आईला सांगितली होती. ठकू पहिलटकरीण होती, सातव्या महिन्यात माहेरी आलेली. पहिलं बाळंतपण आईनेच करायचं. पण त्याच वर्षी राहीमायचा गुडघा पहिल्यांदा धरला. उठता येईना, बसता येईना, पाणी तापवायचं कसं, बाळंतिणीचं करायचं कुणी? पंधरा दिवस कसेबसे काढले. एका सकाळी कळ असह्य झाली आणि राहीमाय लेकीवर करवादली. "माझंच मला हुईना. जा तू आपल्या घरी, तिथंच काय व्हायचं ते व्हऊ दे. जा!"

ठकू गेली. पोर झाली, जगली. ठकू मात्र त्या बाळंतपणात गेली ती गेलीच. राहीमायने त्यानंतर दुधना ओलांडली नाही. जावयाने दुसरं लग्न केलं, नात तिकडेच वाढली.

"अन् पुढल्या पंचमीला," आई म्हणाली, "गुडघा धरला तवा राहीला बरं वाटलं. म्हनती, माझ्यावर रुसली न्हाई आक्का, आली."

या गोष्टीचा शेवट त्याच संक्रांतीनंतर झाला. दर वर्षी रथसप्तमीचं हळदीकुंकू झालं की राहीमायचा गुडघा उतरायचा. त्या वर्षी रथसप्तमी झाली, माघाची पुनव झाली, तरी सूज जागची हलली नाही. मग नदीपलीकडून माणूस अक्षत घेऊन आला. ठकूच्या लेकीचं, राहीमायच्या नातीचं लग्न ठरलं होतं.

संध्याकाळी, दिवेलागणीला, राहीमाय काठी टेकत आमच्याकडे आली आणि आईशेजारी बसली. मी आत होतो, बोलणं सगळं ऐकू येत होतं.

"ती कामून जाईना ते आता कळलं, आक्का. लेकीचं लगीन हाय. तिला आधीच ठावं होतं."

"मंग ने की तिला."

"नेते. पर ते तिचं घर हाय. एकडाव उंबऱ्यात पाय टाकला तर माझ्यासंगं माघारी कशाला येईल? न्हाई आली तर मी कुनाची वाट बघायची?"

"अन् गेलीच न्हाईस तर?"

"तर हितंच ऱ्हाईल. माझ्यापाशी."

आईचा आवाज चढला. तो मी तसा पूर्वी ऐकला नव्हता. "लेकीच्या अंगाला हळद लागताना आईला तू इथं कोंडून ठेवशील? मागं ती ऱ्हायाला आली, तर लोटलीस. आता तिला जायाचंय, तर आडवायलीस. एकदा तरी तिच्या मनासारखं कर की गं, राही."

उठताना राहीमायने मला हाक मारली. "बापू, गाडी सांगून ठेव. गुडघ्यानं चालवायचं न्हाई."

मी लिंबाजीची गाडी ठरवली. माणूस एक, दुधनेपलीकडे तीन कोस, आठ आणे हाली. भाडं परत आल्यावर मी द्यायचं, कारण राहीमायकडे हातात काही नव्हतं.

सकाळी उन्हं पडल्यावर गाडी तिच्या दारात लागली. मी आणि आई होतो. राहीमाय बाहेर आली ती बिनकाठीची. तिने गाडीत गोधडी अंथरली, पाठीला टेकायला उशी लावली. मग गाडीच्या मागे उभी राहिली. एक हात गाडीच्या दांडीवर, दुसरा अधांतरी, कोपराएवढ्या उंचीवर, अवघडलेल्या बाईला चढताना आधार द्यावा तसा. तशी ती थोडा वेळ थांबली. मग मला दिसलं की बैलांच्या मानेवरचं जू किंचित वर उचललं गेलं आणि पुन्हा खाली बसलं. गाडीत मागून वजन पडलं की असंच होतं. बैलांनी माना हलवल्या असतील.

"बस की माय," लिंबाजी म्हणाला.

"मी चालते. जागा कुठं हाय?"

"अख्खी गाडी मोकळी हाय की."

राहीमायने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. "सावकाश हाण," म्हणाली आणि पुढे निघाली.

मी वेशीपर्यंत गेलो. ती गाडीच्या पुढे चालत होती. इतकी वर्षं तिच्या चालीची मला सवय झाली होती. एक पाऊल, क्षणभर थांबणं, मग दुसरं. त्या दिवशी थांबणं नव्हतं. दोन्ही पावलं सारखी पडत होती, तरण्या बाईसारखी. फक्त मान राहून राहून मागे वळत होती. माझ्याकडे नाही, गाडीकडे. ज्वारीच्या उभ्या पिकात गाडीवाट शिरत होती. तिथे ती दिसेनाशी झाली, मग बैल, मग गाडीची उशी. मी राहीमायला पाहिलं ते शेवटचं.

चौथ्या दिवशी दुपारी लिंबाजी अडतीवर आला. मी काट्याशी होतो. मी त्याच्यासमोर सरळ हिशोब मांडला. बाई चालत गेली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आठ आणे माणसाचे ठरले होते. गाडी रिकामी गेली आणि रिकामी आली, तेव्हा बैलांच्या खेपेचे चार आणे होतात.

"रिकामी?" लिंबाजी म्हणाला. "भाऊ, दुधनेच्या वाळूत चाक रुतलं. तुमी वजनाचं काम करता, तुमीच सांगा, रिकाम्या गाडीचं रुततं का? मी उतरून खांदा लावला. म्हातारी पुढं पाण्यात हुभी. म्हनली, तिला उतरवू नगंस लिंबाजी, तिचे दिवस भरत आलेत."



"मग?"

"मंग काय. मांडवापाशी गाडी लावली अन् मागचं वजन उतरल्यावानी जू खाली बसलं. बैल मोकळे झाल्यावानी हंबरले."

"आणि राहीमाय?"

"लगीन लागलं. म्हातारी पाठराखीन म्हनून नातीसंगं गेली, मानवताच्या पल्याड. नातीनं सोडलं न्हाई तिला. पर जेवताना, बसताना सारखी आपल्या गुडघ्याला हात लावून बघायची. मी इचारलं, दुखतं का माय? तर म्हनली, न्हाई रं. गार पडलाय."

"येताना गाडी कशी आली?"

"येताना?" लिंबाजीने माझ्याकडे पाहिलं. "येताना बैल पळत आले. रिकामी गाडी कशी आसती ते मला कळतं, भाऊ."

मी कनवटीतून आठ आणे हाली काढले आणि त्याच्या हातावर ठेवले, एका माणसाचं पुरं भाडं. त्याने ते मोजून घेतले, पोटातल्या जिवाचं आपण घेत नसतो म्हणाला आणि गाडीकडे गेला.